सिंगापूर ते क्वालालंपूर : अंतर २९६ किमी, पण वेळ नक्की किती धरायचा?

सोनटक्का
नमस्कार मंडळी. आई-बाबा नोव्हेंबरात पहिल्यांदाच इकडे येणार आहेत. मी क्वालालंपूरजवळ पेटालिंग जयाला राहते, धाकटा भाऊ सिंगापूरला. पंधरा दिवस माझ्याकडे, मग पंधरा दिवस त्याच्याकडे असा बेत आहे.

मुंबई-सिंगापूरचं तिकीट बऱ्यापैकी स्वस्त मिळतंय. म्हणून भावाचं म्हणणं, दोघांना चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, उतरू दे, तिथूनच पुढचं क्वालालंपूरचं वेगळं तिकीट काढू. "जवळच तर आहे ताई, चढलं की उतरलं." मी शोधायला बसले तर अंतर सगळीकडे २९६ किमीच्या आसपास, त्यात वाद नाही. वेळ मात्र कुठे ३५ मिनिटं, कुठे ५० मिनिटं आणि तिकिटावर १ तास १५ मिनिटं! यातला खरा कोणता? आणि मुख्य प्रश्न म्हणजे दोन विमानांमध्ये दोन तास ठेवले तर पुरतील का? बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना पळापळ जमणार नाही. जाणकारांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

उतरणवाट
विमानांची वेळापत्रकं आखण्याच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

तिन्ही आकडे बरोबर आहेत, प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतोय.

३५ ते ४५ मिनिटं म्हणजे धावपट्टीवरून चाकं उचलल्यापासून दुसऱ्या धावपट्टीला टेकेपर्यंतचा वेळ. ५० मिनिटं हा अंतर सांगणाऱ्या संकेतस्थळांचा ठोकताळा आहे. २९६ किमीला ताशी ८०० किमीने भागलं की २२ मिनिटं येतात, त्यात चढण्या-उतरण्याचा म्हणून सरसकट अर्धा तास मिळवतात. झाली ५२. आणि तिकिटावरचा सव्वा तास म्हणजे आमच्या भाषेत ब्लॉक टाइम. विमान गेटवरून मागे ढकलायला सुरुवात होते तिथपासून ते दुसऱ्या टोकाला गेटशी लागून चाकांना ठोकळे लावेपर्यंत. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, तिथली रांग, उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंतचा फेरा आणि थोडी उशिराची तजवीज, हे सगळं त्यात धरलेलं असतं. चांगी आणि केएलआयए (क्वालालंपूरचा मुख्य विमानतळ) दोन्ही अवाढव्य विमानतळ आहेत, नुसतं जमिनीवर फिरण्यातच वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात.

आता हवेतल्या वेळाकडे बघा. २९६ किमी म्हणजे १६० सागरी मैल. एवढ्या छोट्या टप्प्यावर जेट विमान साधारण २२ ते २८ हजार फुटांपर्यंतच चढवतात. उतरण्याचा एक साधा हिशोब वैमानिक वापरतात : उंची हजार फुटांत घ्या, तिला तीनाने गुणा, तितके सागरी मैल आधी उतरायला सुरुवात करा. २४ हजार फुटांवरून उतरायचं तर ७२ मैल. तिथवर चढायलाही ६०-६५ मैल लागतातच. १६० मधून दोन्ही वजा करा, सपाटीवर उडायला पंचवीसेक मैल उरतात, म्हणजे जेमतेम चार मिनिटं. घाट चढून माथ्यावर पोचलो की लगेच उतार लागावा, तसा हा सगळा प्रवास. त्यात १० हजार फुटांखाली वेगाला २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६० किमीची मर्यादा असते. जेटचा खरा वेग या मार्गावर वापरायलाच मिळत नाही. म्हणूनच लांबच्या प्रवासाचा सरासरी वेग इथे लावून गणित केलं की ते फसतं.

आणखी एक गोष्ट दिशेची. चांगीच्या धावपट्ट्या जवळजवळ दक्षिणोत्तर आहेत आणि क्वालालंपूर आहे वायव्येला. त्यामुळे उडाल्यावर आधी वळण घ्यावं लागतं. केएलआयएच्या धावपट्ट्या वायव्य-आग्नेय आहेत. तुम्ही आग्नेयेकडून येताय, तर वारा जुळला की विमान जवळपास सरळ आत घेतात. वारा उलटा असला तर विमानतळ ओलांडून पुढे जायचं आणि फिरून मागे यायचं. पाच-दहा मिनिटांचा फरक तिथेच पडतो. त्याच विमानाने एकदा ३६ मिनिटांत आणि एकदा ४८ मिनिटांत पोचल्याचं कुणी सांगितलं तर दोघांवरही विश्वास ठेवा.

कोरा_कागद
छान माहिती. माझी एक शंका. सिंगापूर-जकार्ताच्या तिकिटावर सुटण्याची वेळ ९:०० आणि पोचण्याची ९:५० दिसतेय. तेही पन्नास मिनिटांचंच अंतर का?

उतरणवाट
नाही. जकार्ताचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. चांगी ते जकार्ता सुमारे ८८० किमी, ब्लॉक टाइम १ तास ५० मिनिटांच्या आसपास. बँकॉकलाही हेच लागू, तेही एक तास मागे. सुमारे १,४१० किमी आणि साधारण २ तास २० मिनिटं, पण तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकी केली तर सव्वा-दीड तासच दिसेल. परतीच्या तिकिटावर हाच तास उलटा वाढलेला दिसतो.

सिंगापूर आणि क्वालालंपूरची घड्याळं मात्र एकच, भारताच्या अडीच तास पुढे. मलेशियाने १ जानेवारी १९८२ ला द्वीपकल्पातली घड्याळं अर्धा तास पुढे नेली आणि सिंगापूरनेही लगोलग तेच केलं. सूर्याच्या हिशोबाने दोन्ही शहरं खरं तर मागच्या पट्ट्यात बसतात, म्हणून तिथे सकाळी सातला जेमतेम उजाडतं. आई-बाबांना पहिले काही दिवस हे चांगलंच जाणवेल.

त्रैराशिक
२९६ हा आकडा ज्यांना स्वतः काढून बघायचा असेल त्यांच्यासाठी. शाळेतल्या पायथागोरसवर भागतं.

चांगी : १.३६ उत्तर, १०३.९९ पूर्व. केएलआयए : २.७५ उत्तर, १०१.७१ पूर्व. अक्षांशांतला फरक १.३९ आणि रेखांशांतला २.२८. एका अंशाला १११ किमी धरले तर एक बाजू १५४ किमी, दुसरी २५३ किमी. वर्गांची बेरीज ८७,७२५. वर्गमूळ २९६.

हे इतकं सोपं जमतं कारण दोन्ही ठिकाणं विषुववृत्ताला अगदी खेटून आहेत. तिथे रेखांशाचा अंशही जवळजवळ पूर्ण १११ किमीचा असतो. मुंबईच्या अक्षांशावर तो १०५ किमीपर्यंत आक्रसतो. म्हणून मुंबईपासूनचं अंतर काढायचं तर गोलाचं सूत्रच हवं. तेही काढून बघितलं, कारण मूळ प्रश्नात मला काहीतरी खटकत होतं.

मुंबई ते क्वालालंपूर : सुमारे ३,६२५ किमी.
मुंबई ते सिंगापूर : सुमारे ३,९२० किमी.

आता ३,६२५ मध्ये २९६ मिळवा. ३,९२१! म्हणजे मुंबई, केएलआयए आणि चांगी जवळजवळ एका रेषेत आहेत. पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून सिंगापूरपर्यंत दोरा ताणला तर तो केएलआयएच्या पाचेक किलोमीटरवरून जातो. सोनटक्का ताई, भावाच्या बेताप्रमाणे आई-बाबा तुमच्या डोक्यावरून सिंगापूरला जातील आणि तिथून तोच रस्ता मागे येतील. जवळपास ६०० किमी जास्तीचे, तेही दोनदा चढ-उतार करून.

सोनटक्का
त्रैराशिक, हे वाचून मी नकाशा उघडून पट्टीच लावून बघितली. भावालाही पाठवलंय. मनापासून धन्यवाद. पण तिकिटाच्या पैशातला फरक तो लगेच पुढे करणार. म्हणून वेळेचं आणि त्रासाचं पण नीट कळलं तर बरं.

माजघर
सोनटक्का, मी पैशाचंच सांगते, कारण आमच्या घरी हे होऊन गेलंय.

सासूबाईंची आणि आत्याबाईंची अशीच दोन वेगळी तिकिटं काढली होती. एका कंपनीच्या विमानाने भारतातून सिंगापूर, दुसऱ्या कंपनीच्या विमानाने पुढे. मध्ये अडीच तास. भारतातून निघायलाच दीड तास उशीर झाला. तिकिटं वेगळी असल्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या लेखी या दोघी आल्याच नव्हत्या. तिकीट बुडालं. काउंटरवर दोघींना नवीन तिकिटं घ्यावी लागली, त्या दिवशीच्या भावाने. स्वस्तातले वाचलेले पैसे गेलेच, वर आणखी गेले. पैशापेक्षाही दोघी तिथे चार-पाच तास घाबरून बसून होत्या, फोनला वायफाय जोडता येईना, आणि आम्ही इकडे जीव मुठीत धरून. तो दिवस मला आठवला तरी पोटात गोळा येतो.

दुसरं, सामान. तिकिटं वेगळी असली की बॅगेवर टॅग बहुधा सिंगापूरपर्यंतचाच लागतो. बॅग घ्यायची तर इमिग्रेशन पार करून बाहेर यावं लागतं, आणि त्यासाठी भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा हवा. काही ठरावीक देशांचा व्हिसा असलेल्यांना ९६ तासांची सवलत आहे, पण त्याच्या अटी आहेत, त्यावर विसंबू नका. तुमच्या आई-बाबांना भावाकडे जायचंय म्हणजे व्हिसा काढणारच तुम्ही. पण मग त्यावर किती वेळा प्रवेश करता येईल ते बघा. भावाच्या बेतात त्यांना सिंगापूरमध्ये दोनदा शिरावं लागेल.

एकाच तिकिटावर, एकाच बुकिंग क्रमांकावर दोन्ही विमानं असतील तर गोष्ट वेगळी. बॅग थेट पुढे जाते, उशीर झाला तर पुढची सोय करणं कंपनीवर येतं. मग दोन तास ठीक आहेत. वेगळ्या तिकिटांवर, वयस्कर माणसं, चेक-इन केलेलं सामान : मी पाच तासांपेक्षा कमी ठेवणार नाही.

पूर्वकिनारा
सिंगापूरला राहतो, कामासाठी केएलला, म्हणजे क्वालालंपूरला, सतत जाणं-येणं असतं. दारापासून दारापर्यंतचा माझा हिशोब देतो, म्हणजे सव्वा तासाचं काय होतं ते कळेल.

घरून चांगी : मी बेडोकला राहतो म्हणून वीस मिनिटं. क्लेमेंटी, जुराँगकडचा माणूस असेल तर मेट्रोने तासभर किंवा जास्त.
विमानतळावर : सामान असेल तर दोन तास आधी. टर्मिनल १, २, ३ मध्ये सामानाची तपासणी गेटपाशी होते, त्यामुळे इमिग्रेशन झालं म्हणून निवांत दुकानं बघत बसलात तर गेटवर रांग लागते आणि दार वेळेआधी बंद होतं. टर्मिनल ४ बाजूला आहे, बाकीच्या तिघांना जोडणारी छोटी ट्रेन तिथे जात नाही, बसने जावं लागतं. कोणतं टर्मिनल ते आदल्या दिवशी बघूनच ठेवावं.
विमान : सव्वा तास.
केएलआयए : इमिग्रेशन आणि सामान, पाऊण तास ते एक तास. दोन-तीन मोठी विमानं एकदम उतरली असतील तर याहूनही जास्त.
तिथून शहर : केएलआयए आहे सेपांगला, रेल्वेने शहरापासून ५७ किमी. केएलआयए एक्स्प्रेस टर्मिनल १ वरून केएल सेंट्रलला, म्हणजे शहरातल्या मुख्य स्टेशनला, २८ मिनिटांत नेते, टर्मिनल २ वरून ३३ मिनिटांत. सेंट्रलहून पुढे घर किंवा ऑफिस.

बेरीज केली तर मला सामानाशिवाय साडेचार तास, सामान असेल तर साडेपाच-सहा. यात विमान हवेत असतं पाऊण तास. तिकिटावरची १५ मिनिटं कमी-जास्त असण्याने काही फरक पडत नाही. तुम्ही शहराच्या कुठल्या बाजूला राहता आणि तुमच्याकडे बॅग आहे का, यावर तास-दीड तास इकडचा तिकडे होतो. मी आता विमान निवडताना आधी टर्मिनल बघतो, मग वेळ, मग भाडं.

सोनटक्का, तुम्ही पेटालिंग जयाला आहात तर आई-बाबांना एक्स्प्रेसने सेंट्रलला आणू नका. उलट जास्त लांब पडेल. विमानतळावरून थेट गाडीच करा, रस्ता मोकळा असेल तर पाऊण ते एक तास. आणि एअरएशियाची विमानं केएलआयएच्या टर्मिनल २ ला लागतात. चुकून टर्मिनल १ ला न्यायला गेलात तर घाबरायचं कारण नाही, मधली ट्रेन तीन मिनिटांची आहे, पण गाडीने गेलात तर बराच वळसा पडतो.

तिसरा_डबा
मग एवढ्या वेळात बस काय वाईट? रस्ता साधारण ३५० किमी, बस ५ ते ६ तासांत पोचवते आणि शहरातून शहरात.

पूर्वकिनारा
तरुण असाल, पाठीवर एक सॅक असेल तर बस उत्तम. मीही जातो. पण सीमेवर दोनदा उतरावं लागतं, एकदा सिंगापूरच्या चौकीवर, एकदा मलेशियाच्या, आणि दुसऱ्या बाजूला शिरताना सगळं सामान हातात घेऊन. शुक्रवारी संध्याकाळी किंवा शाळांच्या सुट्ट्यांत वूडलँड्सच्या पुलावर बस तासन्‌तास अडकते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सिंगापूरच्या शाळांना वर्षअखेरीची सुट्टी लागते, म्हणजे नेमकी त्यांच्या प्रवासाची वेळ. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला त्या रांगेत उभं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा_डबा
पटलं. मग रेल्वेबद्दल थोडं लिहितो, कारण हा मार्ग माझ्या आवडीचा आहे.

सिंगापूरच्या तांजोंग पगार स्टेशनातून थेट केएलला गाडी जायची. ३० जून २०११ ला ते स्टेशन बंद झालं आणि मलेशियाची रेल्वे वूडलँड्सपर्यंत मागे गेली. आता सीमेपलीकडे जोहोर बाहरूला पाच मिनिटांची छोटी गाडी जाते, तिची तिकिटं आधीच संपतात. जोहोर बाहरूपासून पुढे मात्र परिस्थिती खूप सुधारली आहे. दुहेरी, विजेचा मार्ग पूर्ण झाला आणि २०२५ च्या अखेरीस ईटीएस या विजेवरच्या जलद गाड्या थेट जोहोर बाहरूपर्यंत आल्या. तिथून केएल सेंट्रल चार-साडेचार तास. जोहोरची सीमा ओलांडायला वूडलँड्स नॉर्थ ते बुकित चागर अशी ४ किमीची नवी मेट्रोही बांधली आहे. ती रुळली की रेल्वेचा पर्याय खऱ्या अर्थाने विमानाच्या तोडीचा होईल, कारण दोन्ही टोकं शहरात आहेत.

आणि ज्याची हळहळ वाटते ती हायस्पीड रेल्वे. ३५० किमी, ९० मिनिटं. दोन्ही सरकारांचा करार झाला होता. मलेशियाला त्यात बदल हवे होते, एकमत झालं नाही आणि ३१ डिसेंबर २०२० ला करार संपला. मलेशियाने सिंगापूरला १० कोटी सिंगापूर डॉलरच्या वर भरपाई दिली. ती गाडी झाली असती तर या दोन शहरांमधली निम्मी विमानं तरी रिकामी पडली असती, अशी माझी खात्री आहे.

कोरा_कागद
निम्मी म्हणजे किती? एवढ्या जवळच्या दोन शहरांत विमानं असतात तरी किती?

उतरणवाट
प्रचंड. २०१८ च्या सुमारास विमान-वेळापत्रकांची माहिती ठेवणाऱ्या ओएजी या कंपनीने हा जगातला सर्वांत जास्त फेऱ्यांचा आंतरराष्ट्रीय मार्ग ठरवला होता. दोन्ही दिशा धरून वर्षाला ३० हजारांच्या वर उड्डाणं, म्हणजे दिवसाला ८० हून जास्त. त्यानंतरही पहिल्या काही नंबरांत तो असतोच.

पण हे कायम असं नव्हतं. मुळात दोन्ही देशांची मिळून एकच विमान कंपनी होती, मलेशिया-सिंगापूर एअरलाइन्स. १९७२ मध्ये ती फुटली, तिच्या दोन कंपन्या झाल्या आणि पुढे साडेतीन दशकं या मार्गावर मुख्यतः त्या दोघींचीच सत्ता राहिली. ४५ मिनिटांच्या उड्डाणाचं भाडं ऐकून लोक कपाळाला हात लावत. २००८ च्या फेब्रुवारीत स्वस्त सेवेच्या कंपन्यांना दार थोडं उघडलं, त्याच वर्षाच्या शेवटी जवळपास पूर्ण मोकळीक मिळाली. आज सोनटक्कांच्या भावाला पुढचं तिकीट किरकोळ वाटतं ते त्यामुळे. स्पर्धा आली की प्रवाशाचं काय भलं होतं याचं इतकं ठळक उदाहरण या भागात दुसरं नाही.

माजघर
सुबांगबद्दल कुणी लिहिलं नाही. पेटालिंग जयाहून ते अगदी जवळ आहे ना?

उतरणवाट
बरं आठवलंत. १९९८ मध्ये केएलआयए सुरू होईपर्यंत क्वालालंपूरचा मुख्य विमानतळ सुबांगच होता. नंतर तो पंख्याच्या विमानांवर चालला आणि २०२४ मध्ये तिथे पुन्हा जेट विमानांना परवानगी मिळाली. सिंगापूरच्या टोकालाही एक छोटा विमानतळ आहे, सेलेटार. २०१९ मध्ये सुबांगहून तिथे एटीआर ७२ विमानं यायला लागली.

त्रैराशिकांच्या पद्धतीने मोजलं तर सुबांग-सेलेटार ३२० किमी येतं, म्हणजे चांगी-केएलआयएपेक्षा २४ किमी जास्त. एटीआरचा वेगही कमी, ताशी ५०० किमीच्या आसपास. तरीही पेटालिंग जयाच्या माणसाचा दारापासून दारापर्यंतचा वेळ यात कमी होऊ शकतो, कारण सुबांग घरापासून अर्ध्या तासाच्या आत आणि छोट्या विमानतळावर चालणं थोडं. ज्यांना चालायचा त्रास आहे त्यांच्यासाठी हे फार मोलाचं. या मार्गांवरच्या सेवा अधूनमधून बदलतात, तेव्हा तारखा ठरल्या की त्या दिवशीचं वेळापत्रक बघून ठरवा.

सोनटक्का
सगळ्यांची उत्तरं वाचून मी आणि भाऊ काल तासभर बोललो. त्रैराशिकांच्या रेषेने आणि माजघर यांच्या अनुभवाने त्याचं मन बदललं. आता ठरलंय ते असं : मुंबई-क्वालालंपूर थेट. परत जाताना सिंगापूर-मुंबई थेट. मधला एकच टप्पा, माझ्याकडून त्याच्याकडे. यात काही राहतंय का?

माजघर
अगदी योग्य. जाणं एका शहरात आणि परतणं दुसऱ्या शहरातून असलं तरी एकाच बुकिंगमध्ये मिळू शकतं, 'मल्टी-सिटी' हा पर्याय निवडून भाव बघा. दोन सुट्या तिकिटांपेक्षा बऱ्याचदा कमी पडतो.

व्हीलचेअर बुकिंग करतानाच सांगा, निदान ४८ तास आधी तरी कंपनीला कळवलेलं असू दे. बाबा म्हणतील मी चालेन. नका ऐकू. केएलआयएला गेटपासून इमिग्रेशनपर्यंतच भरपूर चालणं आहे.

कागदपत्रं : मलेशियाला भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, डिसेंबर २०२३ पासूनची ही सवलत २०२६ अखेरपर्यंत वाढवली आहे. तारीख त्यापुढची असेल तर आधी तपासा. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं, सिंगापूरचंही तसंच. दोन्ही फुकट आहेत. सरकारी वाटणारी, पैसे मागणारी संकेतस्थळं दिसतात, तिकडे भरू नका. दोघांचं वेगवेगळं भरावं लागतं आणि तुम्हीच इथून भरून द्या. परतीच्या तिकिटाची आणि केएल-सिंगापूर तिकिटाची छापील प्रत आईंच्या पर्समध्ये असू दे.

उतरणवाट
मधल्या टप्प्याची वेळ सकाळची घ्या. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दोन मोसमांच्या मधले महिने, तेव्हा केएलआयएच्या आसपास दुपारी तीननंतर जबरदस्त गडगडाटी पाऊस होतो. वीज कडाडत असेल तर विमानाजवळ काम करणाऱ्या माणसांना आत बोलावतात, सामान चढत नाही, सगळी विमानं जागच्या जागी थांबतात. पाऊण तासाच्या उड्डाणाला दीड तासाचा उशीर अशा दिवशीच होतो. शिवाय एकच विमान दिवसभर या दोन शहरांत ये-जा करत असतं, त्यामुळे सकाळी झालेला थोडा उशीरही संध्याकाळपर्यंत साठत जातो. पहाटे सुमात्राकडून येणाऱ्या वादळी पावसाच्या सरी सिंगापूरला झोडपतात, पण त्या तास-दोन तासांत सरकतात. म्हणून अगदी पहिलं विमानही नको. नऊ ते अकराच्या मधलं उत्तम.

सोनटक्का
दहाचं एक दिसतंय, पोचण्याची वेळ ११:१५. मग मी त्यांना घरून किती वाजता काढू? आणि भावाने चांगीला किती वाजता यावं?

पूर्वकिनारा
व्हीलचेअर आणि सामान आहे, तर केएलआयएला साडेसातला पोचा. सकाळी त्या रस्त्याला ऑफिसची गर्दी असते, म्हणून सव्वासहाला घर सोडा. डबा बरोबर द्यायला हरकत नाही, विमानात खाणं नसेल तर ते विकत घ्यावं लागतं आणि औषधाच्या वेळा सांभाळायच्या असतील. लोणचं, तूप असलं काही हातातल्या पिशवीत ठेवू नका, ते सामानात टाका.

भावाला पावणेबारा सांगा. चाकं अकराच्या सुमारास टेकतील, पण गेट, व्हीलचेअर, इमिग्रेशन, बॅगा हे सगळं होऊन दोघं बाहेर येईपर्यंत बारा वाजतील. कोणत्या टर्मिनलला यायचं ते त्याला सकाळी पुन्हा एकदा बघायला सांगा.